पोचलं असेल

मागच्या रविवारी मी नंदाखालला फिलोमिना लोपीस यांच्या घरी जाऊन त्यांच्या हातात एक पत्र दिलं. एका पानाचं, खाली माझी सही. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात नर्स असताना त्यांच्यावर जो ठपका आला तो खोटा होता, आणि तो खोटा असल्याचं मला त्याच दिवशी माहीत होतं, एवढाच मजकूर. त्या चर्चमधली मिस्सा आटोपून नुकत्याच घरी आल्या होत्या. ओट्यावर उभ्यानेच त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "हे तुमचे पेडणेकर, माणूस म्हणून होते तरी कसे?"

"घाणेरडे," मी म्हणालो.

"असं नका बोलू. त्यांच्याही आईबापांनी कौतुकानंच वाढवलं असेल."

वाढवलं असेलही. पण मला आजही दुसरा शब्द सापडत नाही. पेडणेकर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, माझा वरिष्ठ, त्याच्या तोंडावर मी त्याला कायम 'सर' म्हणालो. लिहिताना मात्र अहोजाहो करायला माझा हात वळत नाही, त्याला इलाज नाही.

गोखिवऱ्याच्या एका औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालच्या गाळ्यात प्लॅस्टिकची झाकणं बनायची आणि दिवसभर मशीनचे दणके जिन्यातून वर यायचे. त्या दणक्यांच्या तालावर पेडणेकर पाय हलवायचा, बूट काढून, मोजे टेबलाच्या खणात ठेवून. मोबाइलमधलं सिमकार्ड काढायची जी बारीक पिन असते ना, ती त्याच्या खिशात कायम असे आणि ती तो कानात घालायचा. बाहेर काढून निरखून बघायचा, पँटला पुसायचा, आणि त्याच पिनेने माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावरची ओळ दाखवायचा, "हे बघ, इथे चुकतोयस." नखं दातांनी कुरतडून त्याचे तुकडे कीबोर्डच्या कडेला ओळीने मांडून ठेवायचा. संध्याकाळी आमच्या झाडूवाल्या शोभाताई ते गोळा करत आणि तोंडातल्या तोंडात त्याचा उद्धार करत.

आणि हेही सांगितलं पाहिजे, की मला जे काम येतं ते त्यानेच शिकवलं. त्याच्याइतका हुशार माणूस त्या अख्ख्या वसाहतीत नव्हता. याचा मला तेव्हाही राग यायचा. किळसवाण्या माणसाने निदान मठ्ठ तरी असावं.

आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करत होतो. काम ऐकायला साधं. लॅबमध्ये रक्त तपासलं, आकडा धोक्याचा निघाला, की त्याचा इशारा त्याच क्षणी वॉर्डातल्या नर्सच्या टेबलावरच्या संगणकावर वाजला पाहिजे. कागद खालून वर येईपर्यंत वाट बघायची नाही. यासाठी पेडणेकरने जी रचना उभी केली ती बघायला मुंबईहून माणसं यायची. आमच्याकडे स्वतःचा सर्व्हर नव्हता, एकही नाही. "भाड्याचं डोकं आहे आपलं," तो म्हणायचा. "क्लाउडमध्ये झोपलेलं असतं. लॅबचा निरोप आला की डोळे उघडतं, निरोप पुढे देतं, पुन्हा झोपतं." वॉर्डातला प्रत्येक संगणक सुरू झाला की क्लाउडशी एक धागा जोडायचा, त्या धाग्याला एक क्रमांक मिळायचा, आणि त्या क्रमांकावर इशारा जायचा. लॅबच्या पडद्यावर हिरवी खूण उमटायची, म्हणजे पोचला. नोंदवहीतही तीच हिरवी खूण कायमची राहायची. हे सगळं त्याने पंधरा दिवसांत एकट्याने उभं केलं. मला दोन महिने लागले असते आणि तरी गळकं झालं असतं.

त्याचं एक पालुपद होतं, 'पोचलं असेल'. कुठल्याही प्रश्नाला हेच. आमच्या ऑफिसातले हिशेबनीस सावंतकाका एका सकाळी अचानक वारले. दुपारी चारला नेणार होते. सगळ्यांना कळवायचं काम पेडणेकरने आपण होऊन घेतलं आणि ऑफिसच्या ग्रुपवर एक ओळ टाकून दिली. शोभाताईंकडे साधा फोन, त्या ग्रुपवर कुठून असणार? दहा वर्षं त्यांनी सावंतकाकांचं टेबल पुसलं होतं, काका रोज त्यांच्यासाठी अर्धा पाव राखून ठेवायचे. त्यांना तिसऱ्या दिवशी रिकामी खुर्ची बघून कळलं. त्या पदर तोंडाला लावून जिन्यात बसल्या. मी पेडणेकरला म्हटलं, "सर, शोभाताईंना सांगितलं नव्हतं का?"

"ग्रुपवर टाकलं होतं की. पोचलं असेल," तो म्हणाला. समोर फरसाणची पुडी होती. त्याने ती माझ्यापुढे सरकवली. बोटांना शेवेचा चुरा लागलेला होता आणि तो एकेक बोट चाटत होता.

फिलोमिना सिस्टरांची गाठ पडली ती प्रशिक्षणाच्या दिवशी. वसईतल्या एका हॉस्पिटलात आमचं सॉफ्टवेअर बसत होतं आणि सगळ्या नर्सना एका खोलीत बसवून पेडणेकर ते समजावत होता. तो अशा वेळी फार छान बोलायचा. दोन लॅपटॉप शेजारी ठेवायचा, एकावर बटण दाबायचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्यावर टिंग वाजायचं. टाळ्या पडायच्या. मागच्या रांगेतून एक पन्नाशीच्या बाई उठल्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात लांबट रजिस्टर.

"सर, ते पोचलं हे लॅबला कळलं. पण मी ऐकलं, हे त्यांना कसं कळणार?"

"म्हणजे?"

"आता लॅबवाला फोन करतो ना, तेव्हा मी त्याला आकडा परत बोलायला लावते. पेशंटचं नाव परत बोलायला लावते. मग इथे वेळ लिहिते, त्याचं नाव लिहिते. तोवर फोन ठेवू देत नाय." मग जरा लाजून त्यांनी सांगितलं, "आमचे बाबा गावात मौतीचं सांगायला जायचे. घरोघरी. कोण गेलं, किती वाजता नेणार. समोरच्यानं ते उंबऱ्यावरून परत बोलून दाखवल्याशिवाय बाबा पुढच्या घरी जायचे नाय. एखादी म्हातारी बहिरी असली तर तीनतीनदा सांगायचे. कोण राहून गेलं तर ते पाप आपल्या डोक्यावर, म्हणायचे."

खोलीत एकदोघी हसल्या. पेडणेकर सगळ्यात मोठ्याने हसला. "सिस्टर, बाबांना आता आराम करू द्या. ते रजिस्टर रद्दीत घाला."

आणि तसंच झालं. पुढच्या महिन्यात व्यवस्थापनाने फतवा काढला, की धोक्याच्या आकड्यांसाठी लॅबने फोन करायचा नाही, सगळं सॉफ्टवेअरवरूनच. फिलोमिना सिस्टरांचं रजिस्टर बंद झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला ती ओळ सापडली. मी दुसरंच काही शोधत होतो. धागा तुटलेला असला, म्हणजे वॉर्डातला संगणक झोपला किंवा इंटरनेट गेलं, तर क्लाउड प्रामाणिकपणे उत्तर देतं, 'या क्रमांकावर आता कुणी नाही.' पेडणेकरने ते उत्तर घेतलं होतं, टाकून दिलं होतं, आणि खाली हिरवी खूण उमटवली होती. उत्तर काहीही येवो, खूण हिरवीच. मी ती ओळ चार वेळा वाचली. मला वाटलं माझंच काही चुकतंय. मग मी माझ्या लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, स्वतःलाच इशारा पाठवला, आणि बघत बसलो. माझा पडदा गप्प. नोंदवहीत हिरवी खूण.

"सर, हे राहून गेलंय का?"

त्याने पिन कानातून काढली. "राहिलेलं नाही, केलेलं आहे. लाल खूण दाखवली की लॅबवाला फोन उचलतो. फोन उचलला की हॉस्पिटल म्हणतं, मग तुमचं सॉफ्टवेअर कशाला? लोकांना हिरवं बघायचं असतं, नितीन."

"पण संगणक झोपलेला असला तर?"

"जागा झाला की पुन्हा जोडून घेतो. अधूनमधून." मग समजुतीच्या सुरात, "पुढच्या आवृत्तीत करू."

काय करायचं ते मला कळत होतं, कारण त्यानेच मला ते शिकवलं होतं. वॉर्डातल्या पडद्याने उलट 'मिळालं' म्हणायचं, नर्सने बटण दाबायचं, आणि दोन मिनिटांत तसं काही आलं नाही तर लॅबला लाल खूण. आठवड्याचं काम. मी ते कागदावर मांडून त्याला ईमेल केलं. त्याने उत्तरादाखल उभ्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. आणि मी गप्प बसलो. हे मी पेडणेकरवर ढकलू शकत नाही.

ती दुपार आली पावसाळ्यानंतर. डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ वॉर्डात होते. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम सातच्या वर गेलं, म्हणजे हृदय केव्हाही दगा देईल असा आकडा. लॅबमधून अकरा चाळीसला इशारा सुटला. हॉस्पिटलने वीज वाचवायला सगळे संगणक पंधरा मिनिटांत झोपतील अशी सोय केली होती. फिलोमिना सिस्टर वॉर्डात पेशंटांजवळ होत्या, मधून मधून येऊन माऊस हलवून बघत होत्या. पडदा उजळायचा, कोपऱ्यात 'जोडलेले आहे' असं दिसायचं, कारण तेही पेडणेकरनेच तसं ठेवलं होतं. इशारा नव्हता, धागा तुटलेला असताना सुटलेला तो पुन्हा येणारच नव्हता. त्या परत जायच्या. दोन वाजता डॉक्टरांच्या हातात कागद आला तेव्हा त्या गृहस्थांचं हृदय थांबायच्या बेतात होतं. ते थांबलंही, डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलं, गृहस्थ वाचले. पण त्यानंतर ते बायकोला ओळखायचे नाहीत, असं मला पुढे कळलं.

चौकशी बसली. लांब टेबल, एका बाजूला विश्वस्त, मेट्रन आणि दोन डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एकट्या फिलोमिना सिस्टर. आम्ही दोघे भिंतीजवळ, मी लॅपटॉप चालवायला. पेडणेकरने मोठ्या पडद्यावर नोंदवही उघडायला सांगितली. मी उघडली. अकरा चाळीस, हिरवी खूण.

"माझ्या पडद्यावर काय पण आलं नाय," सिस्टर म्हणाल्या. "मी तीनदा बघितलं."

"पण इथे पोचल्याचं दिसतंय, बाई," मेट्रन म्हणाल्या. त्या काही वाईट नव्हत्या. दिसत होतं ते त्या वाचत होत्या.

"फोन असता तर मी—"

"फोनचा विषय नाही आत्ता."

पेडणेकरपुढे बटाटेवड्याची बशी होती. हॉस्पिटलने ठेवली होती. बाकी कुणी हात लावला नव्हता. त्याने दुसरा वडा उचलला, चटणीत बुडवला आणि भरल्या तोंडाने म्हणाला, "मी सिस्टरांवर अजिबात आरोप करत नाही. कामाच्या धबडग्यात नजरचूक होते, माणूस आहे. सिस्टिम फक्त काय झालं तेवढं सांगते."

चटणीचा एक थेंब त्याच्या हनुवटीवर होता. मी त्या थेंबाकडे बघत राहिलो, कारण सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांच्या शंकेवर मी मान डोलावली होती, ते त्यांच्या लक्षात असावं. एक वाक्य पुरलं असतं. विश्वस्त म्हणाले, "पुढचं पान दाखवा," आणि मी पुढचं पान दाखवलं. जिना उतरताना पेडणेकरने माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला तेलकट बोटं पुसली आणि म्हणाला, "चांगलं झालं, लवकर आटपलं." घरी जाऊन मी ती बॅग दोनदा धुतली. डाग गेला नाही म्हणून फेकून दिली.

सिस्टरांना वॉर्डातून काढून चादरी मोजायला कपड्यांच्या खोलीत बसवलं. निवृत्तीला चार वर्षं होती. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. मी तेव्हा नंदाखालला गेलो होतो, एकदा. त्या वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होत्या. मी सगळं सांगितलं, ओळ, खूण, सगळं. त्यांनी कोयता खाली ठेवला.

"मग तिथे का नाय बोललात?"

त्यांनी घरातून तांब्याभर पाणी आणून दिलं. "लिहून द्याल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बघतो." तांब्या रिकामा करून मी निघून आलो. पेडणेकरबद्दल मला वाटते ती किळस मोठी आहे, पण त्या 'बघतो'ची चव अजून माझ्याच तोंडात आहे.

त्याच सुमारास पेडणेकरने ती ओळ गुपचूप बदलली. आवृत्तीच्या यादीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. मी नोकरी सोडली. बाहेर पडताना त्याने माझी पाठ थोपटली, "शिकलास इथे, विसरू नकोस."

मागच्या महिन्यात कळलं, पेडणेकरला डेंगी झालाय, वसईतल्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात आहे. जायचं नव्हतं. गेलो. का गेलो हे मला नीट सांगता येणार नाही, बहुतेक त्याला पडलेला बघायचं होतं. हातात एक शहाळं घेतलं होतं, रीत म्हणून.

तो अर्धा झाला होता. दाढी वाढलेली, ओठ कोरडे, नखं मात्र कुरतडलेलीच. मला बघून त्याला बरं वाटलं, हे बघून मला आणखीच वाईट वाटलं. दारातून एक तरुण नर्स आत आली, सलाइन बघितलं. त्याने विचारलं, "सिस्टर, सकाळी प्लेटलेटचं रक्त नेलंय, त्याचं काय झालं?"

"काळजी नको, काका. कमी असत्या तर माझ्या कॉम्प्युटरवर आवाज आला असता. भारी सिस्टिम आहे आमची."

खोलीच्या दारातून तिचं टेबल दिसत होतं. पडद्यावरची ती खिडकी मी कुठेही ओळखली असती. कोपऱ्यात 'जोडलेले आहे'.

पेडणेकर कोपरावर उठला. सलाइनची नळी ताणली गेली. "आवाजावर जाऊ नका," तो म्हणाला. "लॅबला फोन करा."

"अहो, पण—"

"फोन करा म्हणतो ना! त्या पडद्यावर काही खरं नसतं."

ती गोंधळून बाहेर गेली. मी त्याच्याकडे बघत होतो. "सर, ती ओळ बदलली होती ना तुम्ही?"

"त्या एका हॉस्पिटलला बदलली," तो छताकडे बघत म्हणाला. "बाकीच्यांना नवीन आवृत्ती द्यायची म्हणजे कारण सांगावं लागतं. इथे जुनीच आहे."

किती हॉस्पिटलं, हे मी मनात मोजायला लागलो. मी उठून खिडकीशी गेलो. "हे फिलोमिना सिस्टरांबद्दल लिहून द्याल?"

"बरा झालो की बघू," तो म्हणाला. माझाच शब्द. त्या क्षणी ठरलं, की मी त्याची वाट बघणार नाही. दुसऱ्या दिवशी बसून पत्रं लिहिली. जुनी ओळ माझ्याकडे होती, ती सोबत जोडली. एक पत्र सिस्टरांच्या हॉस्पिटलला दिलं, आणि ते खिडकीवाल्या कारकुनाकडे न ठेवता मेट्रनना समोर बसवून वाचायला लावलं. बाकीची ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती होती त्या प्रत्येक हॉस्पिटलात स्वतः नेली. शेवटचं नंदाखालला.

पण पेडणेकर कसा होता म्हणून सिस्टरांनी विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली ती पिन नव्हे आणि वडाही नव्हे. ती तरुण नर्स लॅबला फोन करायला गेली होती, तेवढी चारपाच मिनिटं. पेडणेकर दाराकडे बघत होता. मी शहाळं टेबलावर ठेवलं, निघतो म्हणालो, त्याला ऐकू आलं नाही. बाहेर पावलं वाजली की मान उचलायचा, दुसरंच कुणी असलं की परत टेकवायचा. शेवटी ती आली.

"बोलले लॅबवाले. बेचाळीस हजार. वाढतायत, काका."

"परत सांगा."

"बेचाळीस हजार."

"नाव काय सांगितलंत त्यांना?" त्याने तिची बाही धरली होती. "त्यांना परत बोलायला लावलंत का? नाव आणि आकडा, दोन्ही?"